घरातला रुपया आणि मुलांची समज

(वर्षावास व्याख्यानमालेत शिरूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा उभयतांना विषय दिला आहे, ‘लहान मुलांना घरी पैशाचे शिक्षण’. फलकावर हा विषय वाचून एका ज्येष्ठांनी मघाशी चहाच्या वेळी आम्हाला विचारले, “मास्तरीणबाई, पोरांना आत्तापासून पैशाचा नाद कशाला लावता? शिकू द्या की आधी.” त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि आजचे आमचे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचेच उत्तर आहे. पैशाचा नाद वेगळा आणि पैशाची समज वेगळी. नाद रस्त्यावर आपोआप लागतो. समज मात्र घरातच द्यावी लागते.

आम्ही काही अर्थशास्त्राचे पंडित नाही. आमच्यापैकी एकाची नोकरी दौंडला रेल्वेत झाली, दुसरीची शिरूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांमधून. कित्येक वर्षे पगार दोन आणि चुलीही दोन अशी आमची अवस्था होती. जे पाहिले, जे चुकले आणि त्यातून जे शिकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातात रुपया कितीसा येत होता? गावकीची कामे करायची, सांगावे पोचवायचे, रात्री पहारा द्यायचा, आणि मोबदला काय, तर खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. काम रोख, मजुरी मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर! ज्याच्या हातात पैसा पडतच नाही, तो आपल्या मुलाला पैसा सांभाळायचा कसा हे काय सांगणार? म्हणूनच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आपल्या समाजातील अनेक घरांत, महिन्याच्या महिन्याला रोख पैसा येऊ लागला त्याला जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत. इतर घरांत जे शहाणपण आजीकडून नातवाकडे सहज येते, ते आपल्याला नव्याने घडवावे लागत आहे. यात कमीपणा कसलाही नाही, पण याची जाणीव हवी.

आणि एक गोष्ट विसरू नका. १९२३ साली लंडनमध्ये ज्यांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, ते आपले बाबासाहेब. रुपयाची किंमत कशी ठरते, ती कोणाच्या हिताने चढते-उतरते, हे त्यांनी साम्राज्याच्या राजधानीत बसून मांडले. त्याच बाबासाहेबांच्या बालपणी पुस्तकासाठी घरात पैसे नसत, तेव्हा वडील रामजी सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत करीत. हा प्रसंग आपण नेहमी शिक्षणाच्या तळमळीचा म्हणून सांगतो. तो तसा आहेच. पण त्यात हिशेबाचाही एक धडा आहे. कर्ज कशासाठी काढले ते घरात सगळ्यांना ठाऊक होते, आणि पैसा आल्याबरोबर दागिना ज्याचा त्याला परत जात होता.

आता आपल्या याच मातीतली एक गोष्ट ऐका. येथून जवळच असलेले करडे गाव आपणा सर्वांना माहीत आहे. १८७४ सालच्या अखेरीस त्या गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कोणी राबेना, त्यांची हजामत कोणी करीना, पाणी कोणी भरीना. ते लोण पसरत गेले आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात दंगल उसळली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आपले दौंडही भीमथडीतच होते. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा कर्ज सढळ हाताने मिळाले. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारी सारा मात्र वाढला, आणि सावकारांनी हात आखडून वसुली सुरू केली.

पण दंगेखोरांनी नेमके काय केले हे लक्षात घ्या. त्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे आणि चोपड्या बाहेर काढल्या आणि त्या जाळल्या. त्यांचा राग कागदावर होता! कारण कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. अंगठा त्यांचा, मजकूर दुसऱ्याचा. किती घेतले, किती फेडले, व्याज किती चढले, सारे त्या एकाच चोपडीत, आणि ती चोपडी सावकाराच्या पेटीत. फेडलेल्या पैशाची पावती बहुतेकांजवळ नसे. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात रोखे निबंधकासमोर लिहावेत, पैसे दिल्यावर पावती मिळावी, ऋणकोला हिशेब मिळावा, अशी कलमे आली. म्हणजे केवढा वणवा पेटला तेव्हा कुठे साधी पावती मिळाली.

आपण म्हणाल, या जुन्या गोष्टीचा लहान मुलांशी काय संबंध? संबंध सांगतो, पण त्यासाठी आम्हाला आमच्या घरातली एक गोष्ट आपल्यापुढे उघड करावी लागेल. ती सांगताना आजही मान खाली जाते.

१९९८ सालचा जून महिना होता. थोरल्या मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते आणि थोडे कमी पडत होते. धाकटी मुलगी आठ वर्षांची. तिचा मातीचा गल्ला फळीवर होता. पाहुण्यांनी हातावर ठेवलेले, मामाने दिलेले, जत्रेतून उरलेले, असे चार आणे, आठ आणे, रुपये तिने दोन वर्षे त्यात टाकले होते. आम्ही तिला जवळ बसवले, “दिवाळीला परत देऊ” म्हणालो आणि गल्ला फोडला. तीनशे चाळीस रुपये निघाले. ती काही बोलली नाही. नाणी मोजायला तिनेच मदत केली.

दिवाळी आली आणि गेली. आम्ही विसरलो. खरे सांगायचे तर विसरलो असेही नाही. घरच्याच लेकराचे पैसे, त्याचे काय एवढे, असे मनात होते. पुढे आम्ही तिला नवा गल्ला आणून दिला. त्यात तिने एक पैसा टाकला नाही. हातात रुपया पडला की लगेच बोरे, गोळा, गोळ्या. आम्ही रागावलो, “काटकसर कशी ती नाहीच हिला!” तेव्हा ती म्हणाली, “गल्ल्यात टाकलं की तुम्ही घेता. खाल्लं म्हणजे ते माझं होतं.”

बंधू-भगिनींनो, त्या आठवड्यात आमच्यापैकी एक जण शाळेत सरळव्याज शिकवत होती! मुद्दल, दर, मुदत फळ्यावर, आणि घरी स्वतःच्या मुलीचे मुद्दल बुडवलेले. करड्याच्या शेतकऱ्याजवळ पावती नव्हती, आमच्या मुलीजवळही नव्हती. आम्ही तिचे सावकार नव्हतो, उलट तिचे देणेकरी होतो, पण चोपडी मात्र आमच्याच हातात होती.

जून २००० मध्ये आम्ही तिचे पैसे परत केले. वहीत लिहिले : मुद्दल ३४० रुपये, मुदत २ वर्षे, दर शेकडा १० रुपये, व्याज ६८ रुपये, एकूण ४०८ रुपये. हिशेब तिनेच करून पाहिला आणि खाली सही केली. तेव्हा तिला दहा वर्षे पूर्ण झाली होती. पोस्टात दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते. ती त्या चारशे आठ रुपयांतून पोस्टात गेली आणि खाते उघडून आली. घरी आल्यावर पासबुक तिने आम्हाला हातात दिले नाही, नुसते लांबून दाखवले. ते आम्ही योग्यच समजलो.

तेव्हा या सर्वांचे सार आम्ही एका वाक्यात सांगतो. मुलाला पैशाची शिकवण द्यायची असेल तर आधी घरातला हिशेब मुलासमोर खरा आणि उघडा ठेवा. बाकी सर्व युक्त्या नंतरच्या.

आपल्या घरांत एक समजूत आहे की मुलांसमोर पैशाचे बोलू नये. मग होते काय? मुलाला नुसती भांडणे ऐकू येतात, आकडे ऐकू येत नाहीत. वसुलीवाला दाराशी आला की आई म्हणते, “सांग, घरात कोणी नाही.” त्या क्षणी मुलगा काय शिकला? पैसा म्हणजे लपायची गोष्ट. आम्ही असे म्हणत नाही की सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर कर्जाचे ओझे टाका. पण “या महिन्यात वह्या-दप्तर झाले आहे, सायकल दिवाळीनंतर पाहू” हे खरे कारण त्याला कळते. “पैसे नाहीत” असे सांगून अर्ध्या तासाने आपण मोबाईलचे रिचार्ज केले, तर तेही त्याला कळते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला नाणी ओळखू द्या. बाजारात बरोबर न्या. भाजीवालीला पैसे त्याच्या हाताने देऊ द्या आणि उरलेले मोजून घेऊ द्या. हल्ली आपण मोबाईल काढतो, ‘टुंग’ असा आवाज होतो आणि पिशवी भरते. मुलाला वाटते की मोबाईलमध्ये पैसे संपतच नाहीत. एका घरी आम्ही ऐकले, बाप म्हणाला पैसे संपले, तर मुलगा म्हणाला, “मग चार्ज करा ना!” आपण हसलात, पण चूक मुलाची नाही. त्याने पैसा जाताना कधी पाहिलाच नाही. म्हणून लहान मुलांबरोबर असताना शक्यतो रोखीने व्यवहार करा, आणि मोबाईलने केलाच तर आधी किती होते, आता किती उरले, ते दाखवा. गुप्त अंक मात्र मुलाला देऊ नका, आणि आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे पाढ्यासारखे पाठ करून घ्या.

सात-आठ वर्षांच्या मुलाला खाऊचे पैसे ठरलेल्या वारी आणि ठरलेले द्या. पाच रुपये देणे जमत असेल तर पाच द्या. रक्कम महत्त्वाची नाही, नेम महत्त्वाचा. ते दोन दिवसांत संपले तर पुढच्या वारापर्यंत थांबू द्या. आजीने गुपचूप पदराचे सोडून देऊ नये, ही आजीबाईंना हात जोडून विनंती! पाच रुपयांची चूक वयाच्या आठव्या वर्षी होऊ द्या, म्हणजे तिसाव्या वर्षी पाच लाखांची होणार नाही.

तीन डबे करा. एक खर्चाचा, एक साठ्याचा, एक दानाचा. हे काही आम्ही नवीन सांगत नाही. राजगृहाचा तरुण सिगाल, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवान बुद्धांनी त्याला त्या सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला, आई-वडील, गुरू, पत्नी-मुले, मित्र, सेवक आणि श्रमण. त्याच उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आणि आई-वडिलांच्या कर्तव्यांत, मुलाला शिल्प म्हणजे हुन्नर शिकवणे आणि योग्य वेळी वारसा त्याच्या स्वाधीन करणे, ही दोन्ही आली आहेत. आमच्या मते आजच्या काळात हिशेब हेही एक शिल्पच आहे. वारशाला जमीन असो वा नसो, हा वारसा प्रत्येक घर देऊ शकते. दानाच्या डब्याचे काय करायचे ते मुलाला ठरवू द्या. १ जानेवारीला पेरण्याच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आपण जातो, तिथे पुस्तकांचे स्टॉल असतात. तिथे मुलाने साठ्याच्या डब्यातून एक पुस्तक स्वतःच्या पैशाने घेतले, तर ते पुस्तक तो वाचल्याशिवाय राहत नाही, हा आमचा अनुभव आहे.

साठ्याच्या डब्याला पालकांनी हात लावायचा नाही. अगदीच वेळ आली तर मुलाची परवानगी घ्या, चिठ्ठी लिहून डब्यात टाका, रक्कम आणि परतीची तारीख लिहा, आणि ती तारीख पाळा. आमच्यासारखे करू नका.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला व्याज चिंचोक्यांनी शिकवा. मुलाला दहा चिंचोके उसने द्या. अट अशी की मुद्दल परत करेपर्यंत दर रविवारी एक चिंचोका व्याज. दहा रविवार गेले की विचारा, “तू किती दिलेस?” “दहा.” “अजून किती देणे आहे?” “दहाच!” त्या वेळी मुलाच्या तोंडाकडे पाहा. शेकडा पाच रुपये महिना म्हणजे काय, ते त्याला जन्मभर विसरता येणार नाही. दहा हजारांवर महिना पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढे होऊनही दहा हजार तसेच उभे. मग हेच चिंचोके उलटे फिरवा, मुलाने तुमच्याकडे ठेव ठेवली तर व्याज त्याला मिळते हेही दाखवा. व्याज कोणाचा शत्रू नाही. आपण त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, एवढाच प्रश्न आहे.

त्यापुढे कागद. बचत गटाचे पासबुक, किराणा दुकानाची उधारीची वही, विजेचे बिल, सोसायटीची पावती, हे मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्या आईला वाचता येत नाही तिने तर अवश्य वाचून घ्यावे. तिचीही सोय होते आणि मुलालाही कळते की आपल्या शिकण्याचा घराला उपयोग आहे. वाचल्याशिवाय सही नाही, आणि पावतीशिवाय पैसे नाहीत, ही दोन वाक्ये प्रत्येक घराच्या भिंतीवर असावीत. १८७५ साली ज्यासाठी रोखे जळाले, ते आज आपल्या चौथीतल्या मुलीला वाचता येते. तिला वाचू द्या!

आणि मुलीला म्हणजे मुलीलाच. मुलाला बाजारात पाठवायचे आणि मुलीला भांडी घासायला बसवायचे, मग ती संसाराला लागल्यावर म्हणायचे की बायकांना व्यवहार कळत नाही, हे बरे नव्हे.

एक इशाराही द्यावा लागेल. धनाचा नाश करणाऱ्या सहा वाटा सिगालाला सांगितल्या, त्यांत एक जुगाराची आहे. ती वाट आता गल्लीच्या कोपऱ्यावरून उठून मोबाईलमध्ये आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, हे चांगले झाले. पण बंदी कागदावर असते आणि मोह हातातल्या यंत्रात असतो. मुलाच्या हातात मोबाईल देताना हे ध्यानात ठेवा.

काही जण म्हणतील, “आमची आठवड्याची हजेरी बुधवारीच संपते. रांजणगावला नाहीतर कुरकुंभला ठेकेदाराकडे काम, आज आहे तर उद्या नाही. आम्ही कुठले तीन डबे करायचे?” आपले म्हणणे आम्ही मान्य करतो. गरिबी उधळपट्टीमुळे आली असे आम्ही कधीच म्हणणार नाही. गरिबी कमी मजुरीने येते, आजारपणाने येते, शतकांच्या अन्यायाने आली आहे, आणि डब्यातले दोन रुपये ती हटवू शकत नाहीत. तिच्याविरुद्धचा लढा वेगळा आहे आणि तो चालूच राहील. पण ज्याच्याजवळ थोडे आहे त्यालाच चुकीची सही जास्त महाग पडते. पैसेवाल्याचा मुलगा चुकला तर बाप सावरतो. आपला मुलगा चुकला तर घर विकावे लागते. म्हणून ही शिकवण आपल्याला अधिक गरजेची आहे.

मघाच्या ज्येष्ठ काकांना आमचे एवढेच सांगणे आहे. काका, मुलाला पैशाचा नाद लागू नये म्हणूनच त्याला पैसा समजावून सांगायचा.

शेवटी एक छोटे काम देतो आणि थांबतो. आज घरी गेल्यावर मुलाला काही शिकवू नका. फक्त आठवून पाहा की त्याच्या गल्ल्यातून, त्याला पाहुण्यांनी दिलेल्या पैशांतून, आपण कधी काय घेतले आणि परत द्यायचे राहिले. मग एक वही काढा आणि पहिल्या पानावर मुलाचे नाव व आपले देणे लिहा. शिकवण त्या पानापासून सुरू होईल.



जयभीम! नमो बुद्धाय!